ओल्या फडक्याचा तापमापक

मे महिन्यातल्या बातम्यांत नागपूरचे तापमान 44 अंश आणि डहाणूचे 34 अंश असे ऐकले, की डहाणूकरांना आपण सुखी आहोत असे वाटण्याचा संभव असतो. पण त्याच दुपारी डहाणूत सदरा अंगाला चिकटलेला असतो आणि घाम निथळत असतो. वाळ्याची ताटी किंवा वाळ्याचा कूलर नागपुरात खोली गार करतो. डहाणूत तो खोली नुसती दमट करील. आपल्या भाषेला हा फरक ठाऊक आहे. तिकडच्या उन्हाला आपण रखरख म्हणतो, इकडच्याला उकाडा. तापमापकाला मात्र तो कळत नाही. हे लक्षात यायला शास्त्रज्ञांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

1774 साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हा डॉक्टर काही मित्रांसह भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत शिरला. खोलीतल्या कोरड्या हवेचे तापमान शेवटच्या प्रयोगात सुमारे 127 अंश सेल्सियसपर्यंत गेले होते. त्या हवेत अंडी वीसेक मिनिटांत कडक भाजली गेली, पण ब्लॅग्डेन काही मिनिटे थांबून धडधाकट बाहेर आला. त्याच खोलीत त्याने एक साधा आणि फार सुंदर प्रयोग केला. उघड्या भांड्यातले पाणी 60 अंशांच्या आसपास येऊन तिथेच थांबले. त्यावर तेलाचे थोडे थेंब टाकताच पाण्याची वाफ होणे अडले आणि यथावकाश ते खळखळून उकळू लागले. भांडे तेच, खोलीही तीच. बाष्पीभवन तेवढे बंद झाले होते.

आपले शरीर हे त्या उघड्या भांड्यासारखे आहे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. जमिनीवर टपकलेला थेंब शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेतच नाही. हवा बाष्पाने भरलेली असली की तीच तेलाच्या तवंगाचे काम करते.

मग किती बाष्प धोक्याचे? याचे मोजमाप जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने केले. तो इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींत उतरला, उष्ण खोल्यांत स्वतः बसला आणि 1905 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधा तापमापक काय दाखवतो याला त्याच्या मते फारसे महत्त्व नव्हते. महत्त्व होते ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला. संथ हवेत तो आकडा 31 अंशांच्या वर गेला, की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शारीरिक तापमान चढू लागते. कष्टाचे काम असेल तर मर्यादा बरीच खाली येते; वारा असेल तर थोडी वर जाते.

आता सुरुवातीचे आकडे पुन्हा पाहू. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक सुमारे 23 दाखवील. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला तो सुमारे 29 दाखवील. (यावरून नागपूरचे ऊन निरुपद्रवी ठरत नाही. तिथे घाम वाळतो, पण शरीरातले पाणी झपाट्याने जाते आणि उष्माघाताचे बळी तिथेही पडतात.) म्हणजे डहाणूच्या ‘साध्या’ दुपारी आपण हाल्डेनच्या रेषेपासून दोनच अंश दूर असतो. तलासरीकडे आत गेले, की समुद्रावरच्या वाऱ्याचा आधारही कमी होतो.

2010 साली शेरवूड आणि ह्यूबर या संशोधकांनी सैद्धांतिक गणिताने ओल्या तापमानाची 35 अंश ही अंतिम मर्यादा मांडली आणि तीच सर्वत्र उद्धृत होऊ लागली. 2022 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत हलक्या हालचाली करतानाची मर्यादा 31 अंशांच्या आसपासच निघाली. हाल्डेनला श्रेय द्यायला आपण उशीर केला, असे मला वाटते.

आपल्या हवामान खात्याच्या निकषानुसार उष्णतेची लाट ठरायला मैदानात किमान 40 अंश, तर किनाऱ्यावर 37 अंश तापमान लागते, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावे लागते. किनाऱ्याचा आकडा कमी ठेवला हे योग्यच झाले. तरीही 35 अंशांचा दमट दिवस या चाळणीतून निसटतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटावा. त्या उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले.

घामातून जाणाऱ्या मिठाची गोष्टही खाणींतलीच आहे. घामाघूम खाणकामगार भरपूर पाणी पीत आणि तरी त्यांच्या हातापायांत, पोटात गोळे येत. हे गोळे मीठ गमावून नुसते पाणी प्यायल्याने येतात, हे 1923 साली मॉस याने दाखवले आणि मीठ घातलेले पाणी दिल्यावर ते थांबले. आपल्याकडची मीठ घातलेली नागलीची आंबील किंवा भाताची पेज हेच काम करते. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांना ती चहापेक्षा नक्कीच उपयोगी. उलट्या-जुलाब झालेल्या मुलासाठी मात्र माप नेमके हवे: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर अंग घामाने ओले आहे म्हणून उष्माघात नाही असे समजू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

कारवीच्या कुडाच्या घरात भिंतींच्या फटींतून वारा खेळतो. पत्र्याच्या खोलीत तो अडतो. दोन्ही ठिकाणचा फरक मुलांना मोजता येईल. सारखे आकडे दाखवणारे दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, पंख्याने वारा घालावा आणि दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत रोज दुपारी दोन वाजता हे करता आले तर उत्तम. डहाणू आणि तलासरीच्या शाळांनी वह्या एकमेकांना दाखवल्या, तर समुद्र किती अंतरापर्यंत पोचतो तेही मुलांना आकड्यांत दिसेल.