वाचाल तर वेडे व्हाल

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी लावल्याशिवाय वाचनालय उघडायला परवानगी मिळत नसावी, अशी माझी बालपणापासूनची समजूत आहे. या पाटीच्या बरोब्बर उलट सांगणारा एक खेळ जगात आहे आणि आमच्या पुतण्याची टोळी दर रविवारी कोपरला, आमच्याच जेवणाच्या टेबलावर तो खेळते. नाव ‘कॉल ऑफ क्थुल्हू’. हे नाव माणसाच्या घशासाठी केलेलंच नाही, असं ते ठेवणाऱ्या लेखकानेच सांगून ठेवलंय. आमची कवळी याला साक्ष आहे.

खेळ 1981 सालचा. रचला सँडी पीटरसन यांनी, काढला अमेरिकेतल्या केऑसियम कंपनीने. त्याआधी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, ते फाशांवर ठरवायचं. त्यात तलवारीने राक्षस मारून खजिना लुटायचा. म्हणजे आपला ‘चांदोबा’च की!

पीटरसननी तलवार बाजूला ठेवली आणि लायब्ररीचं कार्ड दिलं. काळ 1920च्या आसपासचा. नायक कोण? प्राध्यापक, वार्ताहर, ग्रंथपाल, म्हणजे आमच्या सोसायटीची कार्यकारिणीच म्हणा ना! त्यांनी जुनी वर्तमानपत्रं चाळायची, दप्तरं उपसायची, मेलेल्या माणसाची रोजनिशी वाचायची. दर पानागणिक कळत जातं, की हे विश्व माणसाच्या बापाचं नाही.

प्रत्येक पात्राला शहाणपणाचे गुण असतात. अभद्र काही दिसलं, की दहा तोंडांचे दोन फासे टाकायचे. आकडा गुणांच्या वर गेला, की गुण कापले. आणि खरी मेख पुढेच आहे. त्या अभद्राचं ज्ञान जितकं वाढेल, तितके गुण 99 मधून वजा होतात आणि शहाणपण त्या रेषेच्या वर कधीच जात नाही. परीक्षेत ज्ञान वाढलं म्हणून गुण कापणारी पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ही सगळी सृष्टी मुळात एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) यांची. त्यांचे वडील मनोरुग्णालयात वारले. पुढे आईही तिथेच. परक्या माणसांविषयीचा त्यांचा द्वेष त्यांच्या राक्षसांहून ओंगळ होता, हेही सांगायलाच हवं. पण माणूस विश्वाच्या खिजगणतीतही नाही, ही भीती त्यांनी कथेत आणली ती कायमची.

मराठी माणसाला ती भेटली नारायण धारपांच्या (1925–2008) पुस्तकांतून. दिवा मालवायची हिंमत नसायची आणि पुस्तक उद्या परत करायचं असायचं! पण धारपांच्या कितीतरी कथांत शेवटी ‘समर्थ’ धावून येतात. आपल्याकडे अडल्यानडल्याला कुणीतरी वडीलधारं येतंच. या खेळात कुणी म्हणजे कुणी येत नाही.

“अरे, मग जिंकतं कोण?” मी पुतण्याला विचारलं.

“कुणीच नाही, काका. जग आणखी थोडे दिवस टिकतं, एवढंच.”

त्याचा ग्रंथपाल नुकताच कामी आला होता. नको ते पुस्तक शेवटपर्यंत कुणीतरी वाचायलाच हवं होतं. त्याशिवाय दार बंद करायचा मंत्र सापडत नव्हता. ग्रंथपालाने ते वाचलं, दार लावलं आणि उरलेले गुण घालवून बसला. बाकीचे चौघे सुटले. हे सांगताना पोरगा हसत होता. पण काकूंचे पोहे तसेच गार झाले होते.

खेळात एक सोय आहे. कामगिरी फत्ते झाली, की कापलेले थोडे गुण परत मिळतात. सगळे नाही, थोडेच. खालून कल्याणची गाडी आणि डोक्यावरून वसई-दिव्याची, अशा दुमजली स्टेशनातून रोज जा-ये करणाऱ्या कोपरकराला हा नियम फोडून सांगावा लागत नाही. आठवडाभर कापलेलं थोडंसं रविवारी परत मिळतं, त्यावर तो सोमवार काढतो. त्याच्यासाठीही समर्थ येत नाहीत; तो जातो, कारण घरची चार माणसं त्याच्या जिवावर असतात.

वाचनालयाच्या पाटीत म्हणून मी एकच अक्षर वाढवीन म्हणतो: ‘वाचाल तर वाचवाल’. रंगाऱ्याला एका अक्षराचे जास्त पैसे द्यावे लागतील, तेवढे कार्यकारिणीने मंजूर करावेत.