घरविक्रीवरील मुद्रांक शुल्काचा अंदाज

मुद्रांक शुल्क म्हणजे घर हस्तांतरित करताना महाराष्ट्रात राज्याला द्यावा लागणारा कर. तो महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 नुसार आकारला जातो. अंदाजाचा पाया म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किंमत, म्हणजे बोलीभाषेतील ‘रेडी रेकनर’. ती आणि खरेदीखतातील रक्कम यांपैकी जी जास्त, तिच्यावर शुल्क बसते. त्यामुळे खतात भाव कमी दाखवण्याची जुनी युक्ती इथे फारशी चालत नाही.

घर कोणत्या हद्दीत आहे, यावर शुल्काचा दर ठरतो. पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस (ता. दौंड) येथील बंगला 2 कोटींना विकला आणि तक्त्यातील किंमत त्याहून कमी असली, तर ग्रामीण 3 टक्के दराने 6 लाख आणि जिल्हा परिषदेच्या 1 टक्का अधिभाराचे 2 लाख होतात. गाव प्रभाव क्षेत्रात (मूल्यदर तक्त्यात तसे नोंदलेल्या भागात) मोडत असेल, तर मूळ दर 4 टक्के लागतो. म्हणून हद्द आधी तपासावी. नोंदणी फी 1 टक्का असली तरी कमाल 30,000 रुपये, म्हणजे महागड्या घराला ती किरकोळच.

वेगळा करार नसल्यास शुल्क खरेदीदार भरतो. विक्रेत्याचा खरा भार भांडवली नफ्यावरील प्राप्तिकर हा होय. दीर्घकालीन नफ्यावर तो 12.5 टक्के असून 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून मोठा असल्यास खरेदीदार 1 टक्का उद्गम कर कापून घेतो.