फ्रिजवरची रंगीत अक्षरं

काळ्या शाईत छापलेला ५ काहींना कायम हिरवा भासतो. याला म्हणतात सिनेस्थेशिया: एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होणं. सहसा पहिली नोंद मानतात ती १८१२ची. गेओर्ग झाक्स या डॉक्टरने स्वतःच्या आणि बहिणीच्या अल्बिनिझमवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि त्यातच सांगून टाकलं की आपल्याला अक्षरं, आकडे, वार रंगीत वाटतात. पुढे १८८०च्या सुमारास गाल्टनने अशा लोकांची माहिती गोळा केली. हे घराण्यात चालत येतं हेही त्याच्या लक्षात आलं.

मग वर्तनवाद आला आणि 'मला असं वाटतं' हा पुरावाच बाद झाला. (आमचे टेस्टर म्हणतात तसं, पुन्हा करून दाखवता येत नसेल तर बग नाही!) १९८७मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. एका बाईंना शब्दांचे रंग विचारले, काही आठवड्यांनी न कळवता पुन्हा विचारले. उत्तरं तीच.

ठीक आहे, पण ५ हिरवाच का? इथे खरी गंमत आहे. २०१३मध्ये विटहॉफ्ट आणि विनावर यांना असे ११ जण सापडले, ज्यांच्या अक्षरांचे रंग जवळपास सारखेच होते. कारण? लहानपणी फ्रिजवर चिकटवलेली फिशर-प्राइसची चुंबकी अक्षरं! २०१५मध्ये त्यांनी ईगलमनबरोबर ६,५८८ अमेरिकन सिनेस्थीट तपासले. सुमारे ६ टक्के जणांचे रंग या खेळण्यातून आलेले. खेळणं निघाल्यानंतरच्या दशकात जन्मलेल्यांत प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच्या पाच किंवा अधिक वर्षं आधी जन्मलेल्यांत एकही नाही.