हक्क कागदावर असतो, तो घ्यावा लागतो

दर एप्रिलला आपल्या मोबाइलवर एक संदेश फिरतो : ‘ईएसआय बाबासाहेबांनी दिले.’ तो पुढे पाठवून आपण मोकळे होतो. बिरवाडी परिसरात राहून महाड एमआयडीसीत राबणाऱ्या आपल्या माणसांना एवढ्याने काय मिळते?

इतिहास नीट पाहू. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतच १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ते पद सोडले, कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. पाया त्यांच्या काळात घातला गेला, इमारत नंतर उभी राहिली. असे नेमके सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट आपले म्हणणे कुणाला खोडता येत नाही.

या योजनेतली एक तरतूद आपल्या वस्त्यांत फारशी पोहोचलेली नाही. किमान पाच वर्षे विमाधारक म्हणून नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. पण ते आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, दरवर्षी पैसे भरावे लागतात.

‘सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड आहेच की,’ असे काहीजण म्हणतात. खरे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आधारवर सत्तर वर्षे पूर्ण असलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलेल्याने मधली बारा वर्षे काय करायचे? शिवाय ते कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात.

खरी अडचण कंत्राटी कामगाराची आहे. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक, आणि पाच वर्षांचा हिशेब तुटतो. शेवटी ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच तोंडी सांगितले जाते. निवृत्तीचा कागदच नसेल तर निवृत्त म्हणून अर्ज कसा करणार? कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी मूळ कंपनीवरही आहे, हे विसरू नका.

म्हणून तरुणांनो, आईवडिलांच्या निवृत्तीची वाट पाहू नका. आजच त्यांची पगारपावती काढा. कपात होते का, विमा क्रमांक एकच आहे का, जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते तपासा. क्रमांक दोन असतील तर नोकरी चालू असतानाच ईएसआय कार्यालयात लेखी अर्ज द्या. निवृत्तीची तारीख लिहिलेले पत्र घेतल्याशिवाय गेट सोडू देऊ नका. संघटनांनीही ही मागणी लेखी लावून धरावी.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तो पुढे मान्य केला. तरी तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तिथवर चालत गेली, तेव्हा ठरावाला अर्थ आला.

त्याच तालुक्यात राहणाऱ्या आपल्याला हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

जय भीम!