धमनीतली पेज

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘अथेरोस्क्लेरोसिस’ वाचलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. शब्द फोडला तर मात्र स्वयंपाकघरात पोचतो. ग्रीकमध्ये ‘अथेरे’ म्हणजे भरड धान्याची पेज, ‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक. पेज आणि कडक? विसंगत वाटतं, पण शवविच्छेदनात धमनीच्या भिंतीतला साका चिरला की वर टणक पापुद्रा आणि आत पिवळसर, लापशीसारखा लगदा. त्यात बराचसा भाग कोलेस्टेरॉलचाच. हाताला लागलं तेच नाव झालं. ‘अथेरोमा’ हा शब्द शरीरशास्त्रज्ञ हालरने 1755 मध्ये या साक्यासाठी वापरला होता; त्याला काठिण्य जोडून जोडशब्द केला तो लाइपझिगच्या फेलिक्स मार्शांनी, 1904 मध्ये.

आपल्याकडे ‘धमनीकाठिण्य’ रूढ झालं. त्यात पेज गळाली, हे मला खटकतं. रोगाचं निम्मं वर्णन तिच्यातच होतं. ‘धमनी’ मात्र झकास. मूळ धातूचा अर्थ फुंकणे, म्हणजे वाऱ्याची नळी. गंमत अशी की ग्रीक ‘आर्टेरिया’सुद्धा आधी श्वासनलिकाच होती. मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते अशी तिथल्या वैद्यांची समजूत. ती प्राचीन वैद्य गॅलेनने खोडली.