पाणबुड्याचा कान : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात कर्णविज्ञानातील एका प्रश्नाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्याआधी दहा वर्षे, १९८७ मध्ये, मालवणच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध त्या काळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नसावा. पुढील दोन दशकांत मात्र प्रवाळ आणि रंगीत मासे पाहण्यासाठी समुद्रतळाशी उतरणे हा या किनाऱ्यावरील एक स्वतंत्र व्यवसाय झाला. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडी-प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि किल्ल्याभोवतीच्या खडकांत मासेमारी करणाऱ्या घरांतील मुले पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागली.

या स्थित्यंतराचा विचार आजवर प्रामुख्याने अर्थकारण आणि पर्यावरण या दोन अंगांनी झाला आहे. त्याला शरीराचेही एक अंग आहे आणि त्याचा इतिहास बराच जुना आहे. पाण्याखाली जाणाऱ्या माणसाची पहिली तक्रार श्वासाची नसते. ती कानाची असते. कान, नाक व घसा या शास्त्रशाखेतील गेल्या शतकभराचे काही महत्त्वाचे संशोधन याच तक्रारीभोवती घडले. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा मागोवा घेऊन मालवण किनाऱ्यावर त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

जलक्रीडा आणि कर्णशूल

सुश्रुताचे नाव निघाले की चर्चा बहुधा नाकाच्या शस्त्रक्रियेकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. पुण्याजवळ झालेल्या तशा एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि युरोपीय शल्यशास्त्राला त्याने नवी दिशा दिली. या प्रसिद्धीमुळे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील कर्णरोगांचा भाग काहीसा झाकोळला गेला आहे. तेथे अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून, कानातून पू वाहण्याच्या कारणांत डोक्यावरील आघाताबरोबर पाण्यात बुडी मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात कर्णशूलाची कारणे सांगताना प्रतिश्याय म्हणजे सर्दी, जलक्रीडा, कान कोरणे आणि शब्दाचा मिथ्यायोग म्हणजे ध्वनीचा अयोग्य संपर्क ही एका ओळीत गुंफली आहेत.

या यादीतील पहिली दोन कारणे शेजारी यावीत, हे लक्षणीय आहे. नाक चोंदलेले असताना बुडी मारू नये, हा आजच्या प्रशिक्षणातील पहिल्या दिवसाचा पाठ आहे. वाग्भटाला त्यामागील यंत्रणा ठाऊक होती असा दावा अर्थातच करता येणार नाही. त्याची उपपत्ती वायूच्या प्रकोपाची आहे आणि सर्दी व जलक्रीडा ही त्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र कारणे आहेत. प्राचीन ग्रंथांत आधुनिक शोध हुडकण्याचा मोह टाळूनही एवढे म्हणता येते, की निरीक्षण अचूक होते.

ग्रीक परंपरेतील साक्ष अधिक थेट आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, पण बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेत सिद्ध झालेल्या ‘प्रॉब्लेमाटा’ या प्रश्नसंग्रहात समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कानाचे पडदे का फाटतात, असा प्रश्न आहे. स्पंज काढणारे पाणबुडे कान आणि नाकपुड्या चिरून घेतात, कानात आधी तेल ओतल्यास पडदा फाटत नाही, असे त्या काळचे समजही तेथे नोंदले आहेत. कानात कोमट तेल घालण्याचा उपाय कोकणातील घराघरांतही परिचित आहे. येथे ते खोबरेल असते, इतकाच फरक. पडदा शाबूत असेल तर त्याने सहसा अपाय होत नाही. फाटलेला असेल तर मात्र तेच तेल मध्यकर्णात शिरते, आणि दमट हवेत बुरशीचा संसर्ग वाढण्यास आयती जागा मिळते.

एका नळीची कथा

पडदा का फाटतो याचे उत्तर मिळण्यासाठी सोळाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मध्यकर्णापासून घशाच्या वरच्या भागापर्यंत जाणाऱ्या नलिकेचे तपशीलवार वर्णन केले. मध्यकर्ण ही हवेने भरलेली बंद खोली आहे आणि ही नलिका तिचा एकमेव दरवाजा. एरवी तो मिटलेला असतो. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडतो. घाटात गाडी चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळताच मोकळे होतात, ते यामुळेच.

या नलिकेला ‘युस्टेशियन’ हे नाव रूढ करणारा अंतोनिओ मारिया व्हाल्साल्व्हा याचा कर्णविषयक ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाक व तोंड बंद करून जोराने उच्छ्वास सोडण्याची त्याने सांगितलेली क्रिया आज जगभरचे पाणबुडे दररोज करतात. मालवणच्या बोटीवर पर्यटकाला ‘नाक दाबा आणि कानातून हवा काढा’ असे दोन मिनिटांत शिकविले जाते, ती हीच क्रिया. गंमत अशी, की व्हाल्साल्व्हाच्या डोळ्यांसमोर पाणबुडे नव्हतेच. कानात साठलेला पू बाहेर ढकलण्यासाठी त्याने ती सुचविली होती. पुढे १८६३ मध्ये व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झरने रबरी फुग्याने नाकातून हवा सोडून नलिका उघडण्याची पद्धत आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत हेर्मान फ्रेन्झेलने वैमानिकांसाठी आणखी एक युक्ती शोधली. तीत छातीचा जोर लागत नाही. नाक दाबून, स्वरयंत्र मिटून, केवळ जिभेच्या मुळाने घशातील हवा वर ढकलली जाते. ती शिकण्यास कठीण, परंतु कानाला अधिक सुरक्षित आहे. ती का सुरक्षित, हे कळण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

उथळ पाण्याचा भ्रम

१९४३ मध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासागणिक हवा पुरविणारे उपकरण सिद्ध केले आणि समुद्रतळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्यापूर्वी पाणबुड्यांच्या वैद्यकाचा भर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर होता. जे. एस. हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली, तीही याच विकारासाठी. त्यातून एक ठाम समज रुजला : खोली जितकी जास्त, तितका धोका अधिक. बुडबुड्यांच्या बाबतीत तो खरा आहे. कानाच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करणारा आहे.

समुद्रसपाटीस हवेचा दाब एक वातावरण असतो. दहा मीटर खोलीवर तो दुप्पट होतो आणि बंद जागेतील हवेचे आकारमान निम्मे होते. तेथून पुढे पुन्हा निम्मे होण्यासाठी तीस मीटरपर्यंत जावे लागते. म्हणजे सर्वांत तीव्र सापेक्ष बदल पृष्ठभागालगतच्या पहिल्या दहा मीटरांतच घडतो. पाच मीटरांवर मध्यकर्णातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या दोन-तृतीयांश झालेली असते. शिवाय नलिकेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत पाऱ्याच्या सुमारे नव्वद मिलिमीटरांचा फरक पडला, की घशाकडील तिचे मऊ टोक आवळले जाते आणि ती गिळून उघडता येत नाही. पाण्यात हा फरक पडण्यास सव्वा मीटरच्या आसपासची खोली पुरते. त्यानंतर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करणे, एवढाच मार्ग उरतो. वर न येता तसेच खाली जाणाऱ्याचा पडदा काही मीटरांतच रक्ताळतो वा फाटतो. अमेरिकी नौदलातील टीड याने १९४४ मध्ये पाणबुडी-दलातील सैनिकांच्या कानांची तपासणी करून पडद्याच्या या इजेची श्रेणीवार वर्गवारी केली. सुधारित स्वरूपात ती आजही वापरात आहे.

‘पाणी उथळ आहे, काही होत नाही’ हे किनाऱ्यावर सर्रास ऐकू येणारे आश्वासन या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. पोहता न येणाऱ्या, पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या, कदाचित सर्दी झालेल्या माणसासाठी हे पहिले काही मीटरच कसोटीचे असतात. पडदा फाटून थंड पाणी मध्यकर्णात शिरले, तर तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका चाळवल्या जातात आणि अकस्मात भोवळ येते. पाण्याखाली वर-खालीची जाणीव हरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दोन्ही कानांतील दाब एकाच वेगाने समान न झाल्यास पडदा शाबूत असतानाही घेरी येऊ शकते, हे स्वीडनच्या लुंडग्रेन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले.

पडद्याच्या पलीकडे

फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. न भरल्यास कर्णपटल-रोपणाची शस्त्रक्रिया १९५० नंतर सर्वमान्य झाली आणि अलीकडे ती दुर्बिणीच्या साहाय्याने कानामागे छेद न घेताही केली जाते. गंभीर प्रश्न आहे तो अंतःकर्णाचा. १९७२ मध्ये फ्रीमन आणि एडमंड्स यांनी उथळ पाण्यातील बुडीनंतर कायमचे बहिरेपण आलेल्या पाणबुड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर असे बहिरेपण बुडबुड्यांच्या खाती मांडले जात असे. त्याच सुमारास गुडहिल यांनी त्याची यंत्रणा मांडली होती. दडे सुटत नाहीत म्हणून माणूस सर्व जोर लावून नाक दाबतो. त्या जोराने मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढतो, तो अंतःकर्णातील द्रवापर्यंत पोचतो आणि मध्यकर्णाकडील गोल खिडकीचे नाजूक पटल आतून बाहेर फुटते. व्हाल्साल्व्हाची क्रिया जोराने केली असता घातक का ठरते आणि छातीचा जोर टाळणारी फ्रेन्झेलची युक्ती सुरक्षित का, याचा उलगडा येथे झाला.

एकविसाव्या शतकातील संशोधनाने या चित्रात भर घातली. हायडेलबर्ग येथील क्लिंगमान आणि सहकाऱ्यांनी अंतःकर्णातील बुडबुड्यांच्या विकाराचा हृदयाच्या दोन कप्प्यांमधील उघड्या राहिलेल्या छिद्राशी असलेला संबंध तपासला. जर्मनीतच २०१० च्या सुमारास बारीक फुगा घालून युस्टेशियन नलिका रुंद करण्याची पद्धत वापरात आली. २०१६ मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. बुडी मारणाऱ्यांना तिचा लाभ कितपत, याबाबत मात्र सावधपणे बोलणेच इष्ट.

बुडीनंतर ऐकू कमी येऊ लागले, कानात नाद सुरू झाला वा भोवळ थांबेना, तर कारण बुडबुडे आहेत की दाबाची इजा, हा निर्णय उपचाराच्या दृष्टीने कळीचा ठरतो. बुडबुड्यांसाठी रुग्णाला दाबकक्षात ठेवावे लागते. फुटलेल्या खिडकीसाठी तोच दाब अपायकारक ठरू शकतो. किल्ल्याभोवतीच्या दहा मीटरांच्या आतील एखाद-दुसऱ्या बुडीनंतर बुडबुड्यांची शक्यता अत्यल्प असते. त्यामुळे येथे प्रथम संशय घ्यावयाचा तो दाबाच्या इजेचा. डोके उंच ठेवून पूर्ण विश्रांती, जोर करण्यास मज्जाव, श्रवणालेख, स्टेरॉइडचा विचार आणि लक्षणे वाढल्यास शस्त्रक्रिया असा हा क्रम आहे. यात दिवस महत्त्वाचे असतात. ‘कानात पाणी गेले आहे, निघेल’ म्हणून घालविलेला आठवडा भरून काढता येत नाही.

किनाऱ्यावरची वस्तुस्थिती

पर्यटक एकदा बुडी मारतो आणि घरी जातो. त्याला नेणारा तरुण हंगामात दिवसातून अनेकदा खाली-वर करतो आणि दर फेरीला कान मोकळे करतो. सर्दी झाली म्हणून रजा घेतली तर त्या दिवसाची कमाई बुडते. सुट्ट्यांच्या गर्दीत पर्यटकाच्या प्रकृतीची चौकशी करणारा कागद भरून घेतला जातो. पाण्यात सर्वाधिक वेळ घालविणाऱ्याच्या कानाचा विचार त्या कागदात नसतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत दाबाखालील हवेत काम केल्याने जडणाऱ्या विकारांचा समावेश होता. परंतु तो कायदा मालक आणि कामगार हे नाते गृहीत धरणारा होता. भागीत बोट चालविणाऱ्या, फेरीमागे पैसे घेणाऱ्या माणसाचा मालक कोण, हा प्रश्न तेथेच अडतो.

उपचाराच्या सोयींचा इतिहासही या किनाऱ्याचे परावलंबन सांगतो. गंभीर रुग्णाला घेऊन येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे, गोव्याकडे, गेला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयापर्यंत पोचते. सिंधुदुर्गातील कित्येकांना मुंबईपेक्षा तेच जवळचे. जानेवारी २०१८ मध्ये तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा जिल्ह्यात जो असंतोष उसळला त्याचे मूळ या दीर्घ सवयीत होते. ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. पाण्याखालील वैद्यकाचे विशेष ज्ञान मात्र आपल्याकडे प्रामुख्याने नौदलाकडे, मुंबईच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारातील नौदल वैद्यक संस्थेत, एकवटले आहे. मालवणपासून ते सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहे.

दरम्यान बुडीची खोली वाढण्याची चिन्हे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना पुढे आली आहे. वीस मीटरांवर दाब तिप्पट होतो. तेथे दिवसातून वारंवार जाणाऱ्या मार्गदर्शकाच्या बाबतीत बुडबुडे की दाबाची इजा, हा निवाडा आजच्याइतका सोपा राहणार नाही, आणि पूर्वीचा श्रवणालेख हाताशी नसेल तर नवे काय बिघडले हेही सांगता येणार नाही. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, समुद्र खवळलेला असतो आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ओरोसला जाऊन अर्ध्या तासाची श्रवणचाचणी करून घेण्यास या चार महिन्यांत सवड असते. ऑक्टोबरात पहिली बुडी मारण्यापूर्वीचा तो आलेख पुढील मे महिन्याच्या आलेखाशेजारी ठेवता येतो.