वाऱ्याचा घन

वारा धूळ उडवतो, असं आपण सहज म्हणतो. पण अगदी बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. नुसत्या वाऱ्याला ते सहजासहजी दाद देत नाहीत. आधी हलते ती वाळू. तिचे दाणे उड्या मारत पुढे जातात, जमिनीवर आदळतात आणि त्या माऱ्याने धूळ मोकळी होऊन वर चढते.

वाळूच्या या उड्यांचं गणित मांडलं राल्फ बॅगनॉल्डने. ब्रिटिश सैन्यातला हा इंजिनिअर इजिप्तमध्ये असताना सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात भटकायचा. १९३५मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये वाळूसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला. १९४१ साली त्याचं पुस्तक आलं. त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. वाऱ्याचा जोर एका मर्यादेखाली असेल तर वाळू हलतच नाही. आणि ती मर्यादा बरीच ओलांडली, की वाहणारी वाळू साधारण वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वारा दुप्पट, तर वाळू आठपट.

आज संगणकाची मॉडेल्स पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला वारा, मातीचा ओलावा, पोत, झाडोरा बघून धूळ मोजतात. बार्सिलोनाचं केंद्र उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व आणि युरोपसाठी रोज असा अंदाज देतं. अशा मॉडेल्सच्या मुळाशी बॅगनॉल्डचा तो घन अजून आहे.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे घन दिसला की मला धडकी भरते. वाऱ्याचा अंदाज १० टक्क्यांनी जास्त आला, तर वाळूचा ३३ टक्क्यांनी फुगतो. त्याहून वाईट म्हणजे ती मर्यादा. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरत धुळीची भिंत उठवते. हा झोत काही किलोमीटरांचा असू शकतो. मॉडेलचा चौकोन त्याहून कितीतरी मोठा असेल, तर तो झोत सरासरीत विरून जातो. सरासरी मर्यादेखाली राहिली, की उत्तर येतं: धूळ शून्य. कोडमध्ये एकही बग नसताना.

२ मे २०१८च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात वादळासह अशीच आंधी आली. भिंती आणि झाडं कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली, कित्येक झोपेतच.

म्हणून आता चौकोन लहान करण्याची धडपड चालली आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली, की हिशोब साधारण आठपट वाढतो. इथेही पुन्हा घनच. पण हा खर्च परवडणारा आहे.